माहेरचं मत

हसा खुशाल, पण चहाचा घोट तोंडात असताना हसू नका. मागे हे सांगत होते तेव्हा शेजारच्या मीनाताईंच्या नाकातून चहा आला आणि नाव माझं खराब झालं.

तर ऐका. माझ्या एका मतामुळे एका अख्ख्या प्रभागाची निवडणूक उलटीपालटी झाली. माझ्या एकटीच्या मतामुळे! आणि गंमत म्हणजे, ते मत माझ्याकडे नव्हतंच.

माझं माहेर शिरपूरच्या पुढे, जिथून सातपुडा चढायला लागतो तिथलं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तुमच्यातलं कोणी तिकडे गेलं आणि सहज विचारलं, 'ती आक्का कोण हो?' की लोक दुकानं बंद करून सांगायला बसतील.

गाव लहान. मधून नाला जातो. नाल्याच्या वर वरची आळी, खाली खालची आळी. आणि वरच्या आळीच्याही वर, डोंगराच्या अंगाला, पाडा. वरची आळी कपबशीवाली, खालची आळी छत्रीवाली. ही काही मोठ्या पक्षांची चिन्हं नाहीत हं. गावातल्याच दोन आघाड्या. पण निष्ठा विचारू नका! निवडणूक लागली की वरच्या आळीतली माणसं पावसात भिजत जातील, पण छत्री उघडणार नाहीत. आणि खालच्या आळीत पाहुण्याला चहा स्टीलच्या पेल्यातून. बोटं भाजली तरी चालतील, कपबशी दिसता कामा नये! मत कुणाला द्यायचं असा प्रश्नच तिथं कुणाला पडत नाही. ज्या आळीत पाळणा हलला त्या आळीचं मत. पाड्यावरची मतं अर्धी इकडे, अर्धी तिकडे पडतात, असं दोन्ही आळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. पाड्याला कुणी विचारलं नव्हतं.

माझे वडील, म्हणजे आबा, वरच्या आळीचे. ते गेले, मग आई गेली. आता घरात माझा थोरला भाऊ नाना आणि वहिनी. मी धाकटी, पण घरादाराची आक्का. भांडण? छे! भांडणासारखं काही घडलंच नाही. फक्त बोलावणं थांबलं. आई होती तोवर दर दोन महिन्यांनी फोन यायचा, 'कवय येशी वं?' म्हणजे 'कधी येशील गं?' आई गेली आणि ते 'कवय येशी' पण गेलं. आपणहून गेले असते तर कुणी हाकललं नसतं. पण बायांनो, तुम्हीच सांगा, माहेरी कुणी आपणहून जातं का? माहेरी बोलावल्यावर जायचं असतं. मग येत नाही येत नाही म्हणायचं, मग त्यांनी आग्रह करायचा, मग आपण रात्रीच बॅग भरायची!

मी धुळ्यात बसून वाट बघायची. इथल्या खिडकीतून एक डोंगर दिसत नाही हो! लांबवर पाण्याच्या टाक्या दिसतात. संध्याकाळी त्यांच्यामागे ढग आले की मी त्यांनाच सातपुडा समजून घ्यायची.

आणि एक दिवस वहिनीचा फोन!

"आक्का, मतदानाला यायचं बरं का. मी उभी आहे."

"उभी का? बस आली नाही का अजून?"

"बस कसली व माय! निवडणुकीला उभी आहे. ग्रामपंचायतीला. बायांची जागा निघाली, तुमच्या भावाने माझं नाव देऊन टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही. गाडी पाठवते. तुम्ही आलं पाहिजे!"

गाडी पाठवते! तुम्ही आलं पाहिजे! मी फोन कानाला लावून नुसती उभी. वहिनी तिकडे 'हॅलो हॅलो' करतेय.

तो फोन ठेवते न ठेवते तोच दुसरा. कमल! कमल म्हणजे खालच्या आळीची, शाळेत माझ्या बाकावर बसायची. तिचा आवाज किती वर्षांनी ऐकला.

"सुनी, मी उभी शे वं. छत्रीवर. तुन्ही वहिनीना समोर. तू येशी ना? मी गाडी धाडस."

आमच्या ह्यांनी पेपर खाली केला. "दोन गाड्या येतायत?"

"हो."

"तुझं मत धुळ्यात आहे. लग्न झाल्यापासून इथंच देतेस. मागच्या वेळी रांगेत माझ्या पुढे घुसली होतीस."

"माहीत आहे मला."

"मग सांग त्यांना."

"सांगते की. तिथं गेल्यावर सांगते."

ह्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि पेपर पुन्हा वर केला. आमच्या ह्यांची हीच पद्धत. संकट दिसलं की पेपर वर.

कमलला सांगितलं की वहिनीच्या गाडीने येते, तू नको पाठवू. आणि मतदानाच्या आदल्या दिवशी निघाले. सोनगीरचा किल्ला मागे पडला, तापीचा पूल गेला, शिरपूर गेलं आणि समोर डोंगर उभे राहिले. निळे. अगदी सोडून गेले होते तिथंच. ड्रायव्हरने विचारलं, "आक्का, काय झायं?" मी म्हटलं, "धूळ गेली रे डोळ्यात." गाडीच्या काचा बंद होत्या.

घर बदललं होतं. वर स्लॅब पडला होता, आईच्या चुलीच्या जागी फ्रिज उभा होता. पण वहिनी दारात तुकडा ओवाळायला उभी! तिचं माहेर जळगावजवळचं असोदा, तिथून मुद्दाम वांगी मागवलेली. भरीत, पुऱ्या, वर कांद्याची पात. नानाने स्वतःच्या हाताने मला पाट मांडला. "बैस आक्का," म्हणाला आणि घसा खाकरून बाहेर निघून गेला.

आता मला सांगा, अशा वेळी भरताचा घास हातात धरून, 'वहिनी, माझं इथं मत नाही गं,' असं म्हणता येतं का? मी ठरवलं, जेवण झाल्यावर सांगू.

जेवण झालं. वहिनी तेलाची वाटी घेऊन आली. "केस किती कोरडे झालेत तुमचे!" म्हणाली आणि मला पुढ्यात बसवून तेल थापायला लागली. डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागून किती काळ झाला होता! मुली लग्न होऊन गेल्या, ह्यांचा हात पेपरला. मी डोळे मिटले.

"वहिनी," मी म्हटलं, "मी तुझ्यासाठीच आले गं."

हे खोटं नव्हतं!

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाली. "तुमच्या एका मतावर सगळी आळी हलते. आबांची लेक कुणाकडे, ते लोक बघतात." आणि तिने असं काही टाळू चोळलं की माझी जीभच बधिर झाली.

संध्याकाळी नाला ओलांडून कमलकडे गेले. कमलच्या ओट्यावर बायकांचा घोळका होता, तो तिने माझ्यासाठी उठवला. आम्ही दोघी नाल्याकाठच्या खडकावर जाऊन बसलो. शाळा चुकवून बसायचो तोच. तिने ओच्यातून बोरं काढली. डोंगरावर सूर्य टेकला होता, पाड्यावर धूर निघत होता. कमल जाड झाली होती, मी पण. खडकावर आता जेमतेम मावलो.

"सुनी, तू कोनले मत दिशी ते मी इचारत नही," कमल म्हणाली. आणि माझ्या तोंडाकडे असं बघत राहिली की इचारलेलं परवडलं असतं.

"कमल, मी तुझ्यासाठीच आले गं," मी म्हटलं.

हे पण खोटं नव्हतं! ती बया माझ्या गळ्यात पडून रडली. आता रडणाऱ्या मैत्रिणीला यादीतलं नाव सांगत बसणार का मी?

रात्रीपर्यंत वरच्या आळीत बातमी, आक्काचं मत कपबशीला. खालच्या आळीत बातमी, आक्काचं मत छत्रीला. दोन्हीकडे मला बोलावणी. इकडे शेवभाजी, तिकडे वरण-बट्टी. रस्त्याने जाताना म्हाताऱ्या बाया हात धरून थांबवत होत्या, "आबानी लेक शे ना तू? बठ्ठी आईवर गयी!" मी आईसारखी दिसते, हे मला धुळ्यात कोण सांगणार होतं?

सकाळी मतदान. माझा बेत साधा होता. डोकं दुखतंय म्हणून पडून राहायचं, सगळं संपल्यावर हळूच सांगायचं. पण वहिनीने पांघरूण ओढलं. "आधी मत, मग डोकं!" मला तिच्याच पेटीतली जरीकाठी साडी नेसवली आणि केंद्रावर काढलं. केंद्र कुठलं? आमचीच शाळा! फाटकाशी कमल. तिने माझा दुसरा दंड धरला. डाव्या हाताला कपबशी, उजव्या हाताला छत्री, मध्ये मी. जणू नवरी बोहल्यावर निघालीय. दोन्ही आळ्या बघायला जमलेल्या. पोलिसाने त्या दोघींना फाटकाबाहेर थांबवलं तेव्हा माझे दंड सुटले.

आत गेले. मास्तरांची खुर्ची असायची तिथं अधिकारी बसले होते. नाव विचारलं, कार्ड बघितलं, यादी खालीवर केली.

"बाई, तुमचं नाव इथं नाही."

"नाहीच आहे," मी हळूच म्हटलं.

"मग?"

"काही नाही. बघून जाते." आणि खरोखर मी तो वर्ग बघितला. माझ्या खिडकीतून डोंगर तसाच दिसत होता. अधिकाऱ्यांना वाटलं असणार, बाईला ऊन लागलं. डिसेंबरात!

बाहेर आले. दोघींनी एकदम विचारलं, "दिलं?"

"अगं, नाव नाही माझं तिथं. ते असं आहे की—"

झालं! पुढचं वाक्य कुणी ऐकलंच नाही.

"नाव नाही?" वहिनीचा आवाज नाल्यापलीकडे गेला असेल. "आबांच्या लेकीचं नाव कापलं! कमल, हे तुझ्या माणसांचं काम!"

"मन्हा मानसंस्नं?" कमलने पदर खोचला. "सुनीनं मत मले व्हतं! मी कसाले कापू? तुम्हीच कापं व्हई!"

"तुला? आक्का माझ्यासाठी आल्यात!"

"मन्हासाठे उनी ती!"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. तेवढ्यात गर्दीतून आमचा भिका आबा पुढे आला. हा खालच्या आळीतला सगळ्यात जुना माणूस. "आरे, दोन्हीस्नं नुसकान व्हयनं," तो काठी आपटून म्हणाला, "म्हंजे नाव सरकारनी कापं!"

असा उजेड पडला आणि नाल्याच्या दोन्ही बाजू एक झाल्या! भिका आबाने आपला पंचा अंथरला, त्यावर एका टोकाला वहिनी, दुसऱ्या टोकाला कमल, मध्ये मला दाबून बसवलं. मागे दोन्ही आळ्या. घोषणा सुरू!

"आक्काचं मत!"

"मिळालंच पाहिजे!"

वरच्या आळीतून चहा आला, कपबशीतून. खालच्या आळीने तो प्यायला! मग उन्हं चढली, तशी खालच्या आळीतून छत्री आली आणि वहिनीच्या डोक्यावर धरली गेली! मी आयुष्यात असलं काही पाहिलं नव्हतं. माझे आबा असते तर... मला हुंदका आला. मला रडताना बघून लोक आणखी पेटले. कुणीतरी ओरडलं, "आक्का मत देणार नाही तोवर आम्हीपण देणार नाही!" टाळ्या! नाना तर माझ्यामागे उभा राहून घसा फाटेस्तोवर ओरडत होता. माझा अबोल भाऊ! आई गेल्यावर सुद्धा ज्याला माझ्याशी दोन शब्द बोलता आले नव्हते, तो ओरडत होता, "माझ्या बहिणीचं नाव कापता?"

खरं सांगू? त्या घटकेला मला वाटलं, हे असंच चालू राहावं. संध्याकाळ होऊच नये. गाव माझं नाव घेत होतं. लग्न करून गेलेल्या बाईचं नाव गाव कुठं घेतं हो?

अधूनमधून पाड्यावरच्या बाया डोंगर उतरून येत होत्या. आमच्याकडे बघायच्या, पदर तोंडाला लावून हसायच्या, शांतपणे रांगेत जायच्या, मत देऊन परत डोंगर चढायच्या. आमच्यातल्या कुणाचं त्यांच्याकडे लक्षसुद्धा नव्हतं.

मतदान संपायची वेळ होत आली तेव्हा जीप आली. तिच्यातून तालुक्याच्या मॅडम उतरल्या. तरुण पोरगी, माझ्या धाकटीएवढी. सरळ माझ्यासमोर उकिडवी बसली.

"काकू, तुमचं नाव कापलं म्हणतात. कुठं राहता तुम्ही?"

मी पंच्याचं टोक चाळवलं.

"काकू?"

"धुळ्याला."

"नेहमी?"

"लग्न झाल्यापासून."

"तिथं नाव आहे यादीत?"

घोषणा थांबल्या होत्या. नाल्याचं पाणी ऐकू येत होतं.

"आहे," मी म्हटलं. "दर वेळी देते मत तिथं."

"मग इथं मत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. तरी कशाला आलात?"

काय सांगू? आतापर्यंत मी बरीच उत्तरं जुळवून ठेवली होती. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "बोलावलं होतं ना."

 मॅडम उठल्या, उगाच हातातले कागद नीट केले आणि म्हणाल्या, "चला, रस्ता मोकळा करा. ज्यांना मत द्यायचंय त्यांनी आत जा, फाटक बंद होतंय."

मग जी पळापळ झाली! भिका आबा काठी विसरला, कुणी चप्पल विसरलं. थोडे आत पोचले, बाकीच्यांच्या तोंडावर फाटक लागलं. वहिनीने साडीवरची धूळ झटकली, ती माझ्या अंगावर उडाली. कमल म्हणाली, "आदूगर सांगानं व्हतं ना वं!" आणि दोघी दोन बाजूंना निघून गेल्या. पंच्यावर मी एकटी. तो पण भिका आबाने येऊन माझ्या खालून ओढून नेला.

परत पाठवायला गाडी बिडी काही नाही. नानाने मला एसटीत बसवलं. तिकीट काढून दिलं, खिडकीशी उभा राहिला. बस सुटली तेव्हा दोन पावलं बसबरोबर चालला, मग थांबला.

निकाल ह्यांनीच वाचून दाखवला. वहिनी पडली. कमल पण पडली! निवडून आली रमिलाबाई, पाड्यावरची, शिवणयंत्र चिन्हावर. ती उभी आहे हे सुद्धा आळ्यांमधल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. दोन्ही आळ्या माझ्यासाठी बाहेर बसल्या होत्या आणि पाडा आत जाऊन मत देत होता!

"वा," हे म्हणाले, "मत न देता उमेदवार निवडून आणणारी तू पहिलीच." आणि पेपर वर.

मी हसले नाही. मला कळलं होतं, माहेर गेलं. आधी निदान नुसतं बोलावणं थांबलं होतं, आता दारच लावून घेतलं मी. फोन करायला घ्यायची आणि ठेवून द्यायची. काय बोलणार? थंडी गेली, ऊन चढलं. खिडकीतून त्या टाक्या बघायचंही मी सोडून दिलं.

आणि चैत्र सरता सरता वहिनीचा फोन.

"आक्का, आखाजीला यायचं." आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्या खान्देशात लेकीबाळींनी माहेरी यायचा सण.

मी म्हटलं, "वहिनी, कोणती निवडणूक आहे गं आता?"

"मेल्या त्या निवडणुका!" वहिनी म्हणाली. "पडले तेच बरं झालं. रमिलाबाई रोज सकाळी नळाच्या तक्रारी ऐकतेय. मी झोपून उठते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही मॅडमला जे म्हणालात ना, त्यानंतर तुमचे भाऊ जेवायला बसले की तेच बोलतात. आपण बोलावलंच नाही तिला, आपण बोलावलंच नाही. मला तरी किती ऐकवणार? म्हटलं, बोलावून टाकावं."

मागून कमल ओरडली, "आनि सुनी, यंदा गाडी नही भेटाव! एसटीनी ये!" कमल, वहिनीच्या घरात! विचारलं तर म्हणाली, तुले शिव्या देवाले सोबत लागस ना, म्हनीसन येस.

मी एसटीने गेले. काचेतून धूळ येत होती, डोळ्यात जात होती, कुणाला काही सांगावं लागलं नाही. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस. अंगणातल्या निंबाला नानाने झोका बांधला होता. मी, वहिनी, कमल आळीपाळीने बसत होतो. दोर जाड आणला होता, नानाने विचार करून आणला असणार. दुपारी रमिलाबाई पण आली. माझ्यासाठी चोळीचा खण घेऊन! "तुम्ही रडले ना आक्का, म्हणून मी आली निवडून," असं सरळ म्हणाली आणि झोक्यावर बसली.

ऊन उतरलं, डोंगर निळे झाले. नाना मागून झोका देत होता. मला इतकं भरून आलं की काय बोलू आणि काय नको. मी वरूनच विचारलं, "काय गं, आता धुळ्याहून काढून इथंच करून घेऊ का माझं मत?"

नानाने झोका गच्च धरला. वहिनी, कमल आणि रमिलाबाई, कपबशी, छत्री आणि शिवणयंत्र, तिघी एका दमात ओरडल्या, "नही वं माय!"

ठराव बिनविरोध मंजूर झाला.